हलकं मडकं

"मडकं उघडायचं नाही. वर मीठ, मिठावर हळद, मग माती. आणि ती माती कधी कोरडी पडू द्यायची नाही, काय? रोज एक तांब्या. आपल्या तोंडात घोट जायच्या आधी."

सासूबाईंचा आवाज तसा दणकट, चार घरं ऐकू जाणारा. पण हे त्यांनी प्रसूतिगृहाच्या खाटेवर वाकून माझ्या कानाशी सांगितलं. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होते. बाळ रडलं नव्हतं. मुलगा होता, एवढं नर्सबाई बोलल्या आणि त्यांनी मान फिरवली. माझे यजमान उमेश आणि त्यांचे चुलते त्याला कापडात गुंडाळून ओढ्याकडे घेऊन गेले. ओल्या बाळंतिणीला तिथं नेत नाहीत. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. माझ्या वाट्याला फक्त त्याची वार येणार होती.

वार म्हणजे पोटात त्याला पोसणारी ती मांसाची चकती, नाळेच्या दुसऱ्या टोकाची. आमच्याकडे ती कचऱ्यात जात नाही. नव्या मडक्यात घालून परसात पुरतात. मूल जगलं तर त्याला त्या मातीची ओढ राहते म्हणतात. नाही जगलं, तर निदान तेवढं तरी घरी येतं. त्या प्रसूतिगृहाला आमची रीत चांगली ठाऊक होती. मडकं त्यांच्याकडेच तयार होतं, झाकण लावून तोंडाला लाल कापड घट्ट बांधलेलं, वर कुंकवाची बोटं. सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बघ, किती रीतीनं करतात हे लोक."

चुलत्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून उमेशनी ते मडकं पोटाशी धरून घरी नेलं. मी खाटेवरूनच मनात म्हटलं, तुला घरी नेते. बाकी काही म्हणण्यासारखं सुचलंच नाही.

पुरल्या जागी अनंताचं रोप लावलं. ते माझ्या खांद्याला लागलं, मग डोक्यावर गेलं, मग न्हाणीच्या पत्र्यावरून पलीकडे वाकलं. सासूबाई गेल्या. दुसरं मूल झालं नाही. तांब्या चुकला नाही. आंघोळ, देवपूजा, पोथीचा एक अध्याय, अनंताला पाणी आणि मग चहा, असा माझा दिवस सुरू व्हायचा. माहेरी गेले तर शेजारच्या नलूला किल्ली आणि तांब्या दोन्ही देऊन जायचे. लोक म्हणायचे, रेवतीवहिनींचं झाड आहे बाई हौसेचं. मी हो म्हणायचे.

*

भाजलं ते चिक्कीच्या पाकानं. उपासाची राजगिऱ्याची चिक्की मी घरी करून विकते. संकष्टीच्या आदल्या दिवशी कढई उतरवताना पक्कड निसटली आणि उकळता गूळ डाव्या हातावर आला, मनगटापासून कोपरापर्यंत. तेल निदान ओघळून जातं. गुळाचा पाक धरून बसतो.

जिल्ह्याच्या जळीत विभागात शेजारच्या खाटेवर शालनताई होत्या. भज्यांच्या गाडीवर कढई उलटून त्यांची पाठ भाजली होती, त्यामुळं त्या सदा पालथ्या. मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मी तिखट तळते, तुम्ही गोड करता. देवानं दोघींना एकाच कढईत घातलं बघा."

तिथले डॉक्टर निहार पोतनीस. माझ्या भाच्याच्या वयाचे, केस विंचरायला वेळ नसलेले. त्यांनी चिमट्यानं एक पापुद्रा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. दुधावरच्या सायीसारखा, पण आरपार दिसणारा.

"याला कोवळ म्हणतात, ताई. कंपनीनं ठेवलेलं नाव आहे. यात केसाहून बारीक तारांची जाळी आहे. ती जखमेचा ताप, आंबटपणा, पू धरणार असेल तर त्याची चाहूल, सगळं वाचते आणि माझ्या स्क्रीनवर पाठवते. पट्टी सोडून बघायची गरज नाही. आणि या जाळीवर जिवंत पेशी आहेत."

"कुणाच्या?"

"सांगतो. दुसऱ्याची कातडी लावली तर आपलं शरीर ती फेकून देतं. पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्या परक्या दिसल्या की पहारेकरी धावून येतात. पण वारेच्या आतून एक झिरझिरीत पडदा असतो, बाळाच्या भोवतीची पिशवी. त्याच्या पेशींवर त्या खुणा जवळपास नसतातच. म्हणून तर आईचं शरीर नऊ महिने त्याला हाकलत नाही. अशाच एका वारेतला पडदा घेऊन त्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्यात. काही कुप्यांमध्ये गोठवून ठेवल्यात, लागतील तशा त्यातून पुढच्या वाढवतात. राज्यातल्या सगळ्या जळीत विभागांना त्या एकाच वारेचे पापुद्रे पुरतात."

"एकाच?"

"एकाच. तुमची स्वतःची कातडी येईपर्यंत या पेशी जखम राखतात, नव्या कातडीला वाट दाखवतात आणि हळूहळू निघून जातात. त्यांच्या किती उरल्या आणि तुमच्या किती आल्या, ते मी दर आठवड्याला एका थेंबावरून मोजणार."

त्यांनी तो पापुद्रा माझ्या हातावर अंथरला. आग विझावी तसं झालं. खरं सांगते, भाजल्यापासून मला पहिल्यांदा रडू आलं ते त्या गारव्यानं.

कुण्या बाईनं आपल्या बाळाची वार दिली, म्हणून माझा हात वाचला. त्या दिवसापासून रोजच्या नमस्कारात मी त्या बाईलाही नमस्कार घालू लागले. नाव माहीत नव्हतं. म्हणायचे, ती जी कोणी असेल तिच्या लेकराला औक्ष मिळो.

*

मला घरी सोडलं होतं, दर आठवड्याला पट्टीसाठी जायचे. जखम सुरेख भरत होती, पण मोजणी जुळेना. पहिला थेंब वाया गेला, दुसराही. तिसऱ्या वेळी डॉक्टर निहार यंत्राकडे बघत कपाळ खाजवत बसले.

"घरी पट्टीला कुणी हात लावला का? मुलगा, मुलगी?"

"मला मूल नाही."

"बहीण, भाऊ?"

"पट्टीला मीसुद्धा हात लावलेला नाही. तुम्हीच बजावलं होतं ना?"

"मग हे यंत्र खुळावलंय," ते म्हणाले. "म्हणतंय, नमुन्यात जवळच्या नातेवाइकाच्या पेशी मिसळल्यात."

पालथ्या पडल्या पडल्या शालनताई म्हणाल्या, "माझ्या वेळी तर काही बोललं नाही. माझे नातेवाईक यंत्रालाही नको झालेत."

आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर मी तशी कधी हसल्याचं आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. खुर्चीत बसले, उठले, परत बसले.

"ताई, प्रत्येक माणसाच्या पेशींत खुणांच्या जोड्या असतात. जोडीतली एक खूण आईकडून येते, एक वडलांकडून. परक्याशी काही खुणा योगायोगानं जुळतात, बऱ्याचशा जुळत नाहीत. तुमच्या गालाच्या आतला नमुना मी नव्यानं घेतला होता ना? तो कोवळच्या पेशींशी ताडून पाहिला. प्रत्येक जोडीत एक खूण जुळते. प्रत्येक. एकही जागा सुटलेली नाही." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "असं एकाच नात्यात होतं."

मी ग्लास तसाच परत सरकवला.

"वारेचा तो पडदा आईचा नसतो. बाळाचा असतो. ती वार कुणाची, हे नाव कंपनी आम्हाला देत नाही. गाव आणि साल तेवढं दिसतं." त्यांनी गाव सांगितलं, साल सांगितलं.

तो पंखा मला परत दिसला. त्याच्या एका पात्यावर कोळिष्टक होतं, ते सुद्धा.

"तुम्ही चुकताय," मी म्हटलं. "त्याची वार माझ्या परसात आहे. मी आज पाणी घालून आलेय."

निहार मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "अजून एक आहे. बाकीच्या रुग्णांच्या अंगावरून या पेशी निघून जातात. तुमच्या हातावरून जात नाहीयेत. पोटात वाढवताना तुमच्या शरीराला त्यांची सवय झालेली असावी. त्यांनी मुक्कामच केलाय. असं कुठंच झालेलं नाही, ताई, हे फार..." त्यांचे डोळे क्षणभर चमकले आणि मग त्यांचीच त्यांना लाज वाटली. "माफ करा."

*

मी घरी गेले ते सरळ परसात. दुपारची वेळ होती. उजव्या हातानं खुरपं चालवायला लागले. उमेश जेवणावरून उठून आले.

"काय करतेस? हाताला पट्टी आहे तुझ्या."

"कुदळ आणा."

"रेवती, काय झालंय?"

"कुदळ आणा म्हटलं ना."

माझा आवाज चढत नाही. लहानपणापासूनच नाही. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कुदळ आणली. अनंताची मुळं मडक्याला वेढून बसली होती, ती तोडावी लागली. लाल कापडाचा फक्त दोरा उरला होता. मी झाकण काढलं.

कापूस होता. दवाखान्यातला कापूस, पिवळा पडलेला, आणि जाळीदार पट्टीची एक गुंडाळी. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घालून ठेवलेली, म्हणून मातीनं तिचं काही केलं नव्हतं. त्या पिशवीला गाठ मारलेली होती. कुणाच्या तरी बोटांनी ती गाठ मारली होती. त्या प्रसूतिगृहात शेजारच्या खोलीत आणखी पोरी कळा देत असतील, आणि कुणीतरी बसून मडक्यात कापूस भरत होतं, कापड बांधत होतं, कुंकवात बोट बुडवून एकेक ठिपका देत होतं.

मी इतकी वर्षं कापसाला पाणी घातलं.

रीत त्यांना आमच्याइतकीच पाठ होती. मडकं उघडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या श्रद्धेचंच त्यांनी कुलूप केलं आणि किल्ली खिशात घालून गेले.

उमेश काही बोलत नव्हते. मला त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळतो, संसारच तेवढा झालाय. हे गप्प बसणं आश्चर्याचं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"नाही. देवाशप्पथ नाही."

"मग?"

ते पायरीवर बसले. "हलकं होतं," ते म्हणाले. "मोटरसायकलवर धरलं तेव्हा. आईनं सांगितलं होतं जड असेल, नीट धर. मला वाटलं, एवढंसंच होतं बाळ... वारही एवढीशी असेल. पण मडक्याचंच वजन लागत होतं, रेवती. आतलं काही लागत नव्हतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"कुणाला बोलू? तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. त्यातनं उठलीस ती या झाडाला पाणी घालायला उठलीस. रोज उठायला लागलीस. मग मी कसं म्हणू, हलकं होतं म्हणून?"

ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. शिव्या येत नाहीत मला. मी फक्त म्हटलं, "माझं दुःख सांभाळलंत. पण ते कशावर उभं करायचं, हे मला विचारायला हवं होतं." आणि आत गेले. त्या रात्री त्यांचं ताट वाढलं, पाणी ठेवलं, पण बोलले नाही. चातुर्मासात मी मौनानं जेवते, त्यांना ते सवयीचं आहे. हे मौन वेगळं आहे, हे त्यांना समजलं.

सकाळी आंघोळ केली, पूजा केली, पोथी उघडली आणि मिटली. तांब्या भरून परसात गेले तर समोर खड्डा. तोडलेल्या मुळांचे पांढरे शेंडे वर आलेले. तांब्या हातात धरून मी उभी राहिले. कुठं घालू? चहा उकळून आटला. शेवटी तसाच भरलेला तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि वर ताटली झाकली. देवाला म्हटलं, तू पण बघतच होतास ना वरून, रोज.

*

कोवळची माहिती कंपनीलाही जात असावी; कंपनीच्या बाई दोनच दिवसांत दवाखान्यात आल्या आणि मला बोलावून घेतलं. कृत्तिका राजाध्यक्ष. छान सुती साडी, बारीक टिकली, बरोबर एक माणूस कॅमेरा घेऊन. निहारांनी तो माणूस दाराबाहेरच थांबवला. बाईंना माझ्याशी खोलीत बोलायचं होतं. मी म्हटलं, इथंच बोला, शालनताईंच्या खाटेजवळ. त्यांच्या पाठीवरही तोच आहे, त्यांनाही ऐकू दे.

राजाध्यक्षबाईंनी पिशवीतून शाल काढली. मग नारळ.

"रेवतीताई, तुमचा सन्मान करणं हे आमचं भाग्य आहे. तुमच्या मातृत्वानं हजारो लोकांना..."

"थांबा," मी म्हटलं. "आधी मडकं, आता नारळ. आमच्या रीती तुम्हाला फार आवडतात."

त्या थोड्या गडबडल्या. "ताई, तुमच्या भावना समजू शकते. पण त्या काळच्या नियमांनुसार वार हा जैविक कचरा समजला जायचा. पिवळ्या पिशवीत जायची. आमच्या आधीच्या लोकांनी ती कचऱ्यातून वाचवली, असं बघा ना."

"कचरा होता ना?"

"नियमानुसार."

"मग कचराच आहे म्हणून सांगायचं होतं. आम्ही रडलो असतो, भांडलो असतो, सासूबाईंनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. कचऱ्यासाठी कुणी मडकं बांधतं का? कुंकू लावतं का?" मी माझ्या पिशवीतून मडकं काढलं आणि शालनताईंच्या औषधांच्या टेबलावर ठेवलं. झाकण काढून कापूस बाहेर काढला. शाल त्याच टेबलावर होती, तिच्यावरच ठेवला. "हे तुमचं. मी सांभाळून ठेवलं होतं. पाणीही घातलं. आता यात जे असायला हवं होतं ते घाला."

कोपऱ्यातल्या मावशींचा फरशी पुसण्याचा आवाज थांबला.

"ते शक्य नाही, ताई. ती वार आता नाहीच. पेशी आहेत फक्त. गोठवलेल्या मूळ कुप्या."

"किती आहेत?"

"ते गोपनीय असतं."

"पुष्कळ आहेत," निहार म्हणाले. राजाध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघायला लागले, पण शब्द मागे घेतला नाही.

"मग एक मला द्या," मी म्हटलं. "एकच. बाकीच्यांनी लोकांच्या जखमा भरा. मी कारखाना बंद करा म्हणत नाही. एक मला द्या, मी मातीत घालते. मी त्याला शब्द दिला होता."

"एक दिली म्हणजे आम्ही काहीतरी चुकीचं केलं, हे मान्य केल्यासारखं होईल. आमचे वकील..." त्या समोर बसल्या आणि माझ्या हाताकडे बघून मऊ आवाजात म्हणाल्या, "बघा, यातून मार्ग निघू शकतो. तुमच्या हातावर जे घडलंय ते अद्भुत आहे. आम्हाला फक्त वालाएवढा तुकडा हवाय, अभ्यासाला. भूल देऊन, दुखणार नाही. तुम्ही तो दिलात, तर कुपीच्या बाबतीत मी वरच्यांशी बोलू शकते."

मला पहिल्यांदा समजेचना. मग समजलं.

"माझ्या हातावरचा तो तुम्हाला द्यायचा," मी म्हटलं, "आणि तुमच्या फ्रिजमधला तो तुम्ही मला द्याल. तोच ना? एकच ना तो?"

"तसं नाही, ताई..."

"लेकराच्या बदल्यात लेकरू. तुम्ही आई आहात का हो, बाई?"

त्या लाल झाल्या. "तुम्ही कोर्टात जाऊ शकता, ताई, तो तुमचा हक्क आहे. पण दावा दाखल झाला की कोवळचं सगळं वाटप थांबेल. मग यांचं काय?" त्यांनी शालनताईंच्या पाठीकडे बोट केलं. "यांना अजून दोन थर लागणार आहेत. तुमच्या रागापायी यांनी तडफडायचं?"

शालनताईंनी उशीतून डोकं वर काढलं. "ओ बाई. माझ्या पाठीआड लपू नका. आधीच भाजलीय."

मागच्या खाटेवरून कुणीतरी फिसकन हसलं. राजाध्यक्षबाई उठल्या. शाल घ्यायला त्यांचा हात पुढं गेला, कापूस बघून मागे आला. नारळ तेवढा उचलला. जाताना निहारांना दाराशी म्हणाल्या, मला ऐकू येईल अशा बेतानं, "ती मोजणी दूषित नमुना म्हणून नोंदवून टाका. तीन वेळा बिघडलीच होती ना."

त्या गेल्यावर शालनताईंनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "वहिनी, खरंच तुमचं लेकरू आहे का हो माझ्या पाठीवर?"

"आहे."

"आणि मी त्याच्यावर रोज करवादते. खाज सुटते ना." त्यांचा आवाज ओला झाला. "तुम्हाला वाटलं तर घाला दावा. मी जुन्या पट्ट्यांवर काढीन दिवस. आमची आजी तर खोबरेल लावून जगली."

मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. माझा राग त्यांच्यासाठी नव्हता. तो कुणासाठी होता ते मला स्वच्छ कळत होतं आणि तो कमी व्हावा अशी मला अजिबात इच्छा नव्हती. रागाला वाईट म्हणायला शिकवलंय आम्हाला. पोथीत तर पानोपानी आहे. पण त्या दिवशी मला वाटलं, हा सुद्धा एक नेमच आहे. रोज उठून पाळायचा, थंड पडू द्यायचा नाही.

*

संध्याकाळी मी घरी निघण्याआधी निहार पट्टी बघायला आले. मी विचारलं, "नोंदवलं का, दूषित म्हणून?"

"नाही. जे दिसलं ते नोंदवलं. आई आणि मूल." ते पट्टीच्या कडा दाबत राहिले. "नोकरी जाईल बहुतेक. आमच्या आईला अजून सांगितलं नाही. ती म्हणेल, एवढं शिकवलं ते कशाला."

"त्यांना माझ्याकडे पाठवा. मी सांगते."

"कारखाना तळेगावच्या बाजूला आहे," ते म्हणाले. "मूळ कुप्या तिथंच असतात. फाटकावर तुम्हाला आत सोडणार नाहीत."

"मी आत जाणार कुठंय? मी फाटकाशी बसणार. पोथी वाचणार. त्यांच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं तर सांगणार, कशासाठी बसलेय ते. हळू आवाजातच सांगणार. लोकांना कान द्यावा लागतो माझ्याकडे, मग ते नीट ऐकतात."

"आणि नाही दिली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी बसणार. डॉक्टर, मला रोज एक गोष्ट करायची चांगली सवय आहे."

मी घरी आले. उमेशनी परसातला खड्डा बुजवला नव्हता. कडा नीट तासून ठेवल्या होत्या, अनंताची तुटकी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळली होती. मला बरं वाटलं, पण तसं मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पहाटेची पूजा लवकर आटोपली. मडकं घासून उन्हात वाळवलं होतं, ते आणलं. आत मिठाची पुडी, हळदीची पुडी. तोंडाला बांधायला लाल खण घेतला होता, तो घडी करून पर्समध्ये ठेवला. तांब्यातलं पाणी ओतून नवीन भरलं आणि खड्ड्याशेजारी कट्ट्यावर ठेवलं. आल्यावर लागणार होतं. चहा घेतला नाही.

दाराशी उमेश उभे होते. इस्त्रीचा सदरा घातलेला, पायांत चपला. बोलावलं नव्हतं मी.

"मी येऊ?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. राग होता तसाच होता, जागच्या जागी. तरी मडकं त्यांच्या हातात दिलं.

"पोटाशी धरा. एसटीत धक्के बसतात."

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. नकळत थोडं वर-खाली करून पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं हे कळून थांबले.

"येताना पण हलकंच असेल," मी म्हटलं. "कुपीला वजन ते काय असणार. पण या वेळी कापड बांधायच्या आधी मी उघडून बघणार आहे."

मी दाराला कडी घातली आणि आम्ही स्टँडकडे निघालो.